तीन घारी, दहा बोंबील

"मला न्याय नको," अंबिका तांडेल खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "न्यायाला वेळ लागतो. मला सूड हवाय. उद्या सकाळी अकराच्या आत."

"बसा," सुभद्रा नार्वेकर म्हणाली. "निल्या, चहा सांग. बाईंना घाई आहे."

निलेशने चहा सांगितला. गिरगावात मुंडावळ्यांच्या दुकानावर त्याच्या मावशीचं, सुभद्राचं, खाजगी तपासाचं ऑफिस होतं. खाली लग्नं सजायची, वर मोडायची, जिना एकच. बी.कॉम. तीन प्रयत्नांत झालेल्या निलेशला मावशीने नोकरीवर ठेवलं होतं, कारण तिच्या मते ज्याला काही कळत नाही असं दिसतं, त्याला लोक सगळं नीट समजावून सांगतात. निलेश नुसतं तसं दिसण्यावर थांबत नसे.

अंबिकाबाई कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या. त्यांची आजी मासळी टोपलीतून विकायची, आई टेम्पोतून, आणि अंबिकाबाई विमानातून. 'बगळा एअर' ही त्यांची कंपनी: तीन छोटी विमानं, सत्तर माणसं आणि मालवणच्या बाजूला समुद्रालगत एक धावपट्टी. पहाटे मासळी उडायची, दिवसा माणसं. माणसं वासाची तक्रार करायची, मासळीने कधी केली नव्हती.

"छोट्या विमान कंपनीला एकटीला कोणी विमा देत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्ही पाच कंपन्यांनी मिळून विम्याचा सामायिक फंड केलाय, पूल म्हणतात त्याला. पाच जणांनी एकत्र टाकायचं, ज्याचं विमान आपटलं त्याने उचलायचं."

"म्हणजे भिशी," निलेश म्हणाला.

"भिशीत माझा नंबर कधी लागतो म्हणून वाट बघतात. इथे कोणाचाच लागू नये म्हणून नारळ फोडतात. आणि नियम असा, की एका वर्षात एकाच कारणाने तीन अपघात झाले, तर बाकीचे चौघे मत देऊन बाहेर काढू शकतात. पूल नाही तर विमा नाही. विमा नाही तर उड्डाण नाही, कायदाच आहे. उद्या अकराला माझ्यावर मतदान आहे."

"तीन अपघात कसले?"

"घार. जानेवारीच्या चार तारखेला, आठला आणि बाराला. तिन्ही वेळा पहाटेचं मासळीचं विमान, तिन्ही वेळा घार येऊन आदळली." अंबिकाबाईंनी कप खाली ठेवला. "बारा तारखेला कॉकपिटची काच फुटली. विमान मनवा चालवत होती. माझी मुलगी. तिने एका डोळ्याने बघून उतरवलं, दुसऱ्यात रक्त गेलं होतं. कपाळावर सात टाके आहेत."

मावशीने मानेने पुढे सांगायची खूण केली.

"आणि अपघाताची पाहणी करणारा पूलचा सर्व्हेअर म्हणतो, तुमच्याच माणसांनी धावपट्टीच्या टोकाला बोंबील वाळत घातलेत, म्हणून घारी येतात. फोटो आहे म्हणे. मला दाखवत नाहीत. अहवाल मतदानाच्या वेळीच उघडायचा, असा नियम. सुभद्राताई, माझी माणसं हे करणार नाहीत. कोणीतरी केलंय. मला तो माणूस समोर बसलेला हवाय."

"धावपट्टीवर बाहेरचं कोण येतं?"

"गेटवर लवू असतो. वहीत नाव लिहिल्याशिवाय तो मला पण सोडत नाही. या महिन्यात परकं कोणीच आलं नाही. म्हणूनच सगळं माझ्या माणसांवर येतंय."

मावशीने टेबलाच्या खणातून एक जुनी डायरी काढली. तिच्याशी वाईट वागलेल्या लोकांची नावं त्यात वर्षवारीने होती. पहिलं नाव एका टॅक्सीवाल्याचं. तिने शेवटच्या पानावर लिहिलं: मनवा, सात टाके. मग डायरी बंद करून चप्पल घातली.

*

पूलचं ऑफिस लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या गल्लीत होतं. तिथे विम्याचे कागदही तिखट लागायचे. व्यवस्थापक रामचंद्र गावडे गिरणी कामगाराचा मुलगा. चाळीतल्या भिशीवरून त्यांनीच हा पूल बेतला होता, आणि चाळीप्रमाणेच इथेही ते नियमाचे पक्के होते. अहवाल सभासदाला दाखवायचा नाही, असा नियम होता. सभासदाने नेमलेल्या बाईला दाखवायचा नाही, असा नियम नव्हता. गावडेंनी तो दोनदा वाचून खात्री केली आणि फोटो पुढे सरकवला.

कुंपणाला बांधलेली दोरी. दोरीवर दहा बोंबील, शेपटीला पोपटी चिमटे लावून, तोंडं खाली. दोघांमध्ये बरोबर वीतभर अंतर, शाळेच्या कवायतीसारखं. बोंबील गुबगुबीत, चकचकीत, तोंडातून पाणी ठिबकत असलेले.

"भूक लागली," निलेश म्हणाला.

"त्याने काय लिहिलंय बघ," मावशी म्हणाली.

अहवालात लिहिलं होतं: 'येथे कित्येक आठवडे मासळी वाळत घातली जात असल्याचे दिसते.' खाली सही: यशोधन कारखानीस, सर्व्हेअर.

"कारखानीस कधी गेले होते?"

"अपघात झाला की दोन दिवसांत जातात. सहाला गेले, दहाला गेले, चौदाला गेले. फोटो चौदाचा." गावडेंनी कोपऱ्यातल्या थर्मोकोलच्या डब्याकडे वैतागून बघितलं. "हा त्यांचा डबा. मेलेला पक्षी यात बर्फात घालून आणतात, पिसं तपासायला पाठवायची असतात. तीनदा फिनेलने धुतला तरी बोंबलाचा वास जात नाही. घारीने खाल्ले असणार. मी मालवणी माणूस, मला त्रास होतो हो. वास घेतला की भूक लागते आणि उघडून बघावं तर घार."

"कारखानीस आधी काय करायचे?"

गावडे जरा अवघडले. "त्यांची स्वतःची कंपनी होती, मैना एअर. आमचेच सभासद. सहा वर्षांपूर्वी एका वर्षात तीन पक्षी आदळले आणि मतदान झालं. तेव्हा सभासद सहा होते. दोन बाजूने, दोन विरोधात, शेवटचं मत अंबिकाबाईंचं. मैना बंद पडली. मग आम्हालाच वाईट वाटलं, म्हणून त्यांना सर्व्हेअर नेमलं. पक्ष्यांचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला?"

"ज्याला बाहेर काढलं, त्यालाच चौकशी करायला ठेवलं?"

"नियमात बसत होतं," गावडे म्हणाले.

*

निलेशचा संशय ठरलेला होता. पूलमधल्याच 'झेप एअर'चे निमेश कापडिया परळच्या काचेच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर बसायचे आणि अंबिकाबाईंच्या नावाने त्यांचा चेहरा खुलायचा.

"हो, मला तिचा रूट पाहिजे," ते म्हणाले. "उद्या मी तिच्या विरुद्ध मत देणार. आनंदाने देणार. लपवायचं कशाला?"

"तुम्ही तिच्या धावपट्टीवर गेलाय कधी?"

"मागच्या वर्षी गेलो होतो, मैत्री करायला. त्या लवूने माझं नाव वहीत लिहिलं, बाईंना फोन केला, मग नाव खोडलं आणि मला परत पाठवलं. खोडताना पट्टी वापरली त्याने."

मावशीने फोटो समोर धरला. कापडियांनी रुमाल नाकाला लावला.

"हा फोटो आहे," निलेशने समजावलं.

"मला वास येतो. आमच्याकडे पायलटला डब्यात अंडं पण चालत नाही."

लिफ्टमध्ये निलेश म्हणाला, "मावशी, हाच. नाटक करतोय."

"ज्याला फोटोचा वास येतो, तो दहा बोंबील घेऊन मालवणपर्यंत जाईल?"

"माणसं ठेवली असतील."

"आणि पट्टीने नावं खोडणाऱ्या लवूने त्यांना सोडलं?"

विसाव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत निलेशला दुसरा संशयित सुचला नाही.

*

यशोधन कारखानीस शिवाजी पार्कसमोर जुन्या इमारतीत एकटे राहायचे. वय चौसष्ट, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं त्याहून. त्यांनी स्वतः चहा केला आणि तिघांचे कप एका रेषेत मांडले. शेल्फवर पिवळ्या नाकाचं एक छोटं लाकडी विमान होतं. त्याच्यावर धूळ नव्हती. बाकी शेल्फवर होती.

गॅलरीत दोन बनियन आणि एक टॉवेल वाळत होते, दोरीला गाठी मारून बांधलेले, वारा पार्कावरून थेट येत होता म्हणून.

"मला अंबिकाबाईंबद्दल आकस नाही," कारखानीस म्हणाले. "जे दिसलं ते लिहिलं. कोळी माणसाला जागा दिसली की तो मासळी वाळत घालतो. सवय आहे."

"आणि मैना एअर?"

"सहा वर्षं झाली. रोज सकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारतो, त्यात राग निघून जातो." त्यांनी बशी कपाखाली मध्यभागी सरकवली. "मतदानाला पाच मिनिटं लागली होती. नंतर त्या म्हणाल्या, झालं, आता चहा मागवा. चांगला होता चहा. मलाही दिला."

"चार, आठ आणि बारा तारखेला तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. पार्कात कोणालाही विचारा. घारी आदळल्या तेव्हा मी पाचशे किलोमीटर लांब होतो."

बाहेर पडल्यावर निलेश म्हणाला, "बिचारा. बनियनला चिमटे पण नाहीत."

मावशी थांबली. तिने भाच्याकडे असं बघितलं, की आपण काही मोडलं का, हे त्याने हात उलटे करून तपासलं.

"निल्या, तुला मी उगाच नाही ठेवलेलं," ती म्हणाली आणि टॅक्सीला हात केला.

टॅक्सीतून तिने लवूला फोन लावला, स्पीकरवर.

"कारखानीस सायबांचा नाव वहीत कित्याक लिवचा?" लवू म्हणाला. "ते काय परके? ते पूलाचे सायब. येतत, एकटे टोकाक जातत, बघतत, येतत. भलो माणूस. जाताना डबो दोनी हातांनी पोटाक धरून गेले, येताना बोटाक अडकवन इले. मी म्हटलय, धरूक येव? तर नको म्हणाले."

"तिन्ही वेळा असंच?"

"तिन्ही वेळा. घारीक वजन ता काय."

*

मच्छीमार नगरात ऊन अजून कडक होतं. अंबिकाबाईंची आई राधाबाई दोरीवर बोंबील टाकत होती. दोन मासे उचलायचे, याचा जबडा त्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर सोडायची, एक इकडे, एक तिकडे. तिचे हात इतके वेगात चालत, की मासे स्वतःहून उडी मारून एकमेकांना चावतायत असं वाटायचं.

निलेशने मदत करतो म्हणून एक बोंबील शेपटीला धरून उचलला. तो त्याच्या बोटांतून सुटून बुटावर पडला.

"शेपटीला धरून काय उचलतो रे? उंदीर आहे?" राधाबाई म्हणाली. "सुभद्रा, हा तुझाच का?"

"बहिणीचा," मावशी म्हणाली. "मीठ नाही लावत याला?"

"बोंबलाला मीठ लागत नाही, गाठ लागत नाही, काही लागत नाही. दात दिलेत देवाने त्याला. तीन दिवसांत काडी होते बघ."

मावशीने दुसऱ्या दिवशीसाठी दहा ताजे बोंबील बर्फात सांगून ठेवले. निलेशला वाटलं, जेवणासाठी.

*

शनिवारी अकराला लालबागच्या ऑफिसात अंबिकाबाई, कापडिया, कारखानीस आणि गावडे टेबलाभोवती बसले होते. बाकी तीन सभासद भिंतीवरच्या स्क्रीनवर होते; त्यातल्या एकाचा फक्त पंखा दिसत होता. मनवाही आली होती. कपाळावर पट्टी, आईच्या मागे खुर्ची.

निलेशने मावशीच्या सांगण्यावरून खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधली. मावशीने टेबलावर बोंबलांचं भांडं ठेवलं आणि शेजारी मूठभर चिमटे.

"मतदानाआधी प्रत्येकाने एक-दोन बोंबील वाळत घालायचे," ती म्हणाली.

गावडेंनी नियमांची वही उघडली, चाळली, बंद केली. "मनाई नाही," ते म्हणाले.

कापडिया रुमालासकट भिंतीला जाऊन चिकटले. गावडेंनी एक बोंबील रुमालासारखा दुमडून दोरीवर टाकला, तो खाली घसरला. त्यांनी माफी मागितली, बहुतेक बोंबलाची. कारखानीस शांतपणे उठले. यात सापळा आहे हे ओळखायला आधी खरी रीत माहीत असावी लागते. त्यांनी शेपटी दोरीवर धरली, चिमटा लावला, वीतभर अंतर मोजलं, दुसरा लावला आणि हात पुसले.

अंबिकाबाई बसल्या जागेवरून उठल्या, दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा, आणि जोडी दोरीवर झुलायला लागली. बसेपर्यंत त्यांचे हात कोरडे होते.

"गावडे, अहवाल उघडा," मावशी म्हणाली.

फोटो स्क्रीनवर आला. अंबिकाबाई तो पहिल्यांदाच बघत होत्या. त्या फोटोकडे बघत राहिल्या, मग दोरीकडे, मग बारा तारखेनंतर पहिल्यांदा हसल्या. ते हसणं कोणालाच बरं वाटलं नाही.

"हे माझ्या माणसांनी घातलेत?" त्या म्हणाल्या. "चिमटे लावून? आमच्यात लहान पोरगी पण असं घालणार नाही. शेपूट तुटते, मासा खाली पडतो."

"म्हणजे घालणारा कोळी नाही," मावशी म्हणाली. "दुसरं. अहवाल म्हणतो, कित्येक आठवडे मासळी वाळतेय. बोंबील तीन दिवसांत काडी होतो. फोटोतले बोंबील गुबगुबीत आहेत, पाणी ठिबकतंय. फोटो काढायच्या आधी काही मिनिटंच ते दोरीवर गेलेत. चौदा तारखेला त्या टोकाला एकटं कोण गेलं होतं? ज्याने फोटो काढला तो."

"पण घारी आदळल्या तेव्हा ते मुंबईत होते," निलेश म्हणाला. हे त्याला आधी सांगून ठेवलेलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

"तारखा बघ. चारला घार आदळली. सहाला सर्व्हेअर गेला. आठला घार आदळली. दहाला सर्व्हेअर गेला. बाराला घार आदळली. सगळे समजत होते, घार आदळते म्हणून सर्व्हेअर जातो. पहिल्या वेळी ते खरं होतं, पहिला अपघात देवाघरचा. पुढचे दोन उलटे झाले. सर्व्हेअर जाऊन आला म्हणून घार आदळली. बोंबील गवतात टाकून यायचं. घारीला एकदा पंगत सापडली की ती पुढचे चार दिवस वेळ चुकवत नाही. पुरावाही तीच खाते."

कारखानीसांनी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"लवूच्या वहीत त्यांचं नाव नाही, कारण पूलचा माणूस कोणाला परका वाटत नाही. पण लवूचे डोळे वहीपेक्षा चांगले. मेलेला पक्षी आणायला जाणाऱ्याचा डबा जाताना हलका असतो आणि येताना जड. यांचा तिन्ही वेळा जाताना जड होता आणि येताना हलका. म्हणून गावडेंच्या फिनेलने बोंबलाचा वास जात नाही. तिसऱ्या वेळी नुसतं टाकून चालणार नव्हतं, दोष अंबिकाबाईंवर यायला हवा होता. म्हणून घरून दोरी नेली आणि चिमटे नेले, पोपटी, दहा. फोटो झाला की सगळं शेजारच्या समुद्रात. शिवाजी पार्कच्या वाऱ्यात तेव्हापासून यांचे बनियन गाठी मारून वाळतायत."

निलेशला आपण हे बघितलं होतं याचा अभिमान वाटला आणि आपल्याला ते कळलं नव्हतं, हे त्याने तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

कारखानीस बोलले, ते फक्त अंबिकाबाईंशी.

"सहाला तुमच्याकडे गेलो तेव्हा सरळ मनाने गेलो असतो, तर डबा रिकामा नेला असता. पण चारच्या अपघाताची बातमी आली आणि मला वाटलं, आता फक्त दोन लागतील. सहा वर्षं मी कशाची वाट बघत होतो, ते तेव्हा कळलं. माझ्या वेळच्या तिन्ही घारी खऱ्या होत्या, बाई. मी हात जोडले होते. तुम्हाला पाच मिनिटं लागली."

"विमानात माणूस होता," अंबिकाबाई म्हणाल्या.

"मासळीच्या विमानाची वेळ निवडली होती. प्रवासी नव्हते."

"पायलट होती," मनवा म्हणाली. तिचं सबंध सभेतलं ते एकच वाक्य. कारखानीसांनी तिच्या पट्टीकडे बघायचं टाळलं, मग बघितलं, आणि त्यानंतर त्यांना पेन सरळ करता येईना.

मावशीने पोलिसांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते मसाल्याच्या गल्लीत शिंकत जिना चढत होते. गावडेंनी मतदान घेतलं. स्क्रीनवरच्या तिघांनी बगळा एअरच्या बाजूने मत दिलं, पंख्यानेही. कापडियांनी विरोधात दिलं. "मी काल शब्द दिला होता," ते रुमालातून म्हणाले.

"गावडे, लिहा," अंबिकाबाई म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी मैना एअरला मी विचार न करता बाहेर काढलं. ते चुकलं. आज समजलं."

गावडेंनी लिहिलं. कारखानीसांनी मान वर केली. पोलीस दारात उभे होते.

"खाली हेही लिहा, की माझ्या मुलीच्या कपाळावर सात टाके आहेत. एकाने दुसरं खोडायचं नाही. दोन्ही ठेवा."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मतदान सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता चहा मागवा. सगळ्यांना. पोलिसांना पण."

निलेशने माणसं मोजायला सुरुवात केली. त्याचं बोट कारखानीसांवर आलं तेव्हा अंबिकाबाईंनी ते हळूच धरून, त्यांना न मोजता, पुढच्या खुर्चीवर नेलं.